एकट्या कबुतराचे ठोके

तिने चाळिशी ओलांडली होती. उंची अशी, की बऱ्याच दारांतून जाताना तिला मान वाकवावी लागे, आणि हाताखाली शिकणारी मुले तिला चांगलीच वचकून असत. तरी घरात तिचे नाव चिमणी. तान्हेपणी आईने ते ठेवले आणि पुढे बदलायचे कुणाला सुचले नाही. आपणही तिला चिमणीच म्हणू.

चिमणी कबुतरांवर संशोधन करायची. तिच्या संस्थेच्या गच्चीवर लाकडी पट्ट्यांची आणि जाळीच्या खिडक्यांची एक लांबट खोली होती. कबुतरांच्या अशा घराला ढाबळ म्हणतात. आत भिंतीला खणाखणांची मांडणी, प्रत्येक खणात एकेक जोडी, आणि सगळीकडे धान्य, भुसा आणि पिसे यांचा मिळून एक कोरडा, गोडसर वास. ही कबुतरे घर धरणारी. त्यांना गाडीत घालून दूर नेऊन सोडले, तरी ती आकाशात एकदोन गिरक्या घेतात, दिशा ठरवतात आणि थेट ढाबळीवर येऊन उतरतात. पाळीव प्राण्यांत प्रयोगाला इतका सोयीचा प्राणी दुसरा नाही. सोडायचे आपण, परत आणायचे काम त्याचे.

चिमणीचा प्रश्न साधा होता. पक्ष्याला एकट्याने उडायला जास्त श्रम पडतात की थव्यात?

काही मोठे पक्षी बाणाच्या टोकासारखी रांग धरून उडतात, हे आपण पाहिलेले असते. पुढच्याच्या पंखाच्या टोकाशी हवा वर उसळते, मागचा तिच्यावर तरंगतो आणि त्याचे कष्ट वाचतात. पण कबुतरे अशी शिस्तीची नाहीत. ती घोळक्याने उडतात, एकाच वेळी गर्रकन वळतात, एकमेकांना धडकू नयेत म्हणून सतत सावरत राहतात. पाठीवर बांधलेल्या चिमुकल्या यंत्राने पंखांची फडफड मोजली, तेव्हा थव्यातले कबूतर एकट्या कबुतरापेक्षा जास्त वेगाने पंख मारते हे स्वच्छ दिसले. त्या यंत्राला सगळे दप्तर म्हणत, कारण ते बांधून ओळीत बसलेली कबुतरे शाळेला निघाल्यासारखी दिसत. दप्तरातून निघालेल्या दोन केसाएवढ्या तारा छातीवरच्या पिसांखाली चिकटवल्या, की हृदयाचे ठोकेही मोजता येत.

आणि ठोक्यांनी सांगितलेली गोष्ट तर फारच झकास होती. थव्यात उडताना ठोके भरमसाट वाढत, एकट्याने उडताना थोडेच. विभागाच्या सरांनी त्याचा आलेख काढला होता. एक बुटका खांब, शेजारी एक उंच खांब. लहान मुलालाही कळावा असा.

त्या दिवशी चिमणी ढाबळीत दप्तरे तपासत होती, तेवढ्यात सर धापा टाकत गच्चीवर आले. ते सडपातळ आणि घाईचे होते. ही ढाबळ त्यांनी तरुणपणी स्वतःच्या हातांनी ठोकून उभी केली होती, आणि अजूनही एखादी पट्टी सैल दिसली की ते खिशातून खिळा काढत.

"बाई, बातमी वाईट आहे," ते म्हणाले. "इमारत गार ठेवायची नवी यंत्रं येताहेत. त्यांना गच्ची हवी."

"सगळी?"

"सगळी. महिनाअखेरीला व्यवस्थापनाची बैठक आहे. त्याआधी आपला लेख बाहेर पडला पाहिजे. आपला आलेख त्या व्यवस्थापक बाईंना तोंडपाठ आहे. गेल्या वर्षी त्यावरच तर त्यांनी मुदत वाढवून दिली."

ढाबळीची देखभाल करणारे काका कोपऱ्यात पाण्याची भांडी घासत होते. त्यांची मिशी दाट आणि टोकाला वळवलेली होती. ते न वळताच म्हणाले, "यंत्रांना उडता येतं का साहेब? नाही ना? मग त्यांना खाली ठेवा की."

"काका, हे तुम्ही बैठकीत बोलू नका म्हणजे झालं," सर म्हणाले. मग चिमणीकडे वळून, "चार दिवसांत लेख पाठवायचा. फक्त शेवटचा परिच्छेद तुमचा राहिलाय."

चिमणीने मान डोलावली. ढाबळ गेली तर काय जाईल हे तिला कुणी सांगायला नको होते. इथल्या प्रत्येक पक्ष्याचे आईबाप, आजीआजोबा तिला माहीत होते. कोण पुढे उडतो, कोण मागे रेंगाळतो, कोण कुणाशी भांडतो, हे जमवायला वर्षे गेली होती. आणि घर धरणाऱ्या कबुतरांना नवे घर सहजी लावून देता येत नाही. उचलून दुसरीकडे नेली, तर पहिल्या संधीला ती इथेच परत येणार, मग इथे ढाबळ असो वा नसो.

दुसऱ्या दिवशी तिने अर्ध्या दिवसाची रजा घेतली होती. आईला हृदयाच्या डॉक्टरांकडे न्यायचे होते. आईला अधूनमधून धडधड व्हायची, म्हणून डॉक्टरांनी तिच्या छातीला एक यंत्र लावून दिले होते. एक पूर्ण दिवस आणि रात्र ते ठोके नोंदवत राहिले होते.

"आई, तुझ्या पाठीवरही दप्तर," चिमणी त्या दिवशी म्हणाली होती.

"मग आता मला पण लांब नेऊन सोडतेस की काय?" आईने विचारले होते. "येईन हो मी बरोबर. बसचा नंबर माहितेय मला."

डॉक्टर तरुण होते आणि हळू बोलत. त्यांनी पडद्यावर आईच्या दिवसाची लांबलचक रेघ उलगडली. "आजी, तुम्ही जिना चढलात तेव्हा ठोके वाढले, ते ठीक आहे. पण हे बघा. संध्याकाळी. हे जिन्यापेक्षाही जास्त आहेत. तेव्हा काय करत होता?"

"काही नाही. बसले होते."

"नुसत्या?"

"खुर्चीत बसले होते. खुर्चीत माणूस आणखी काय करणार?"

"टीव्हीवर काही मारामारी वगैरे?"

"टीव्ही बंद होता."

डॉक्टरांनी चिमणीकडे पाहिले. चिमणी पडद्याकडे पाहत होती. ती वेळ तिच्या ओळखीची होती. रोज त्या सुमारास ती गच्चीवरची कुलपे लावून निघायची, आणि आईला यंत्र लावले त्या दिवशी नेमका तिला बराच उशीर झाला होता.

"आई," ती म्हणाली, "तू लिफ्टचा आवाज ऐकत होतीस का?"

आईने पदर सारखा केला. "लिफ्टचं दार वाजतं ते ऐकू येतंच. मी काय मुद्दाम ऐकते? वाजलं की वाटतं, आली. मग दुसऱ्याच कुणाची पावलं असतात. शेजाऱ्यांकडे तरी किती माणसं येतात ग!"

डॉक्टर हसले. "काळजीचं कारण नाही. हृदय चांगलं आहे. मी ही वेळ तुमच्या आरामात धरली होती, तिथंच माझी चूक झाली. आजी बसल्या होत्या, पण त्यांचा आराम चालला नव्हता."

घरी येताना चिमणी बोटांवर कसलासा हिशेब करत होती. आई टॅक्सीच्या खिडकीतून बाहेर बघत पुटपुटली, "एवढं काय मनाला लावून घ्यायचं? उद्यापासून नाही ऐकत लिफ्ट. कापूस घालते कानात."

"तसं नाही ग आई," चिमणी म्हणाली. "माझी कबुतरंसुद्धा नुसती बसलेली असतात."

तिच्या मनात काय आले होते ते नीट समजून घेऊ, कारण पुढचे सगळे त्यावर आहे.

एखादा माणूस जिना चढला आणि त्यामुळे त्याचे ठोके किती वाढले हे काढायचे असेल, तर आधी तो निवांत असतानाचे ठोके माहीत हवेत. चढल्यानंतरच्या ठोक्यांतून ते वजा केले की जिन्याचा हिशेब मिळतो. पण जिन्याच्या पायथ्याशीच त्याला कुत्र्याने घाबरवले असेल तर? मग त्याचे ठोके आधीच वाढलेले असणार, वजाबाकी लहान येणार आणि तुम्ही म्हणणार, वा, जिना किती सोपा!

कबुतरांची वजाबाकी कशी होत होती? दप्तराची बॅटरी वाटाण्याएवढी. ती उडून परत येईपर्यंत पुरावी, म्हणून गाडी शहराबाहेरच्या मोकळ्या माळावर पोचल्यावरच ती चालू करायची. तिथे पक्ष्यांना थोडा वेळ स्वस्थ बसू द्यायचे आणि ते ठोके विश्रांतीचे धरायचे. थव्याच्या दिवशी सगळी कबुतरे एकाच मोठ्या वेताच्या टोपलीत असत, म्हणजे झाकण उघडले की एकदम उठत. एकट्याच्या दिवशी मात्र तसे करून चालत नसे. एकाला सोडायला झाकण उघडावे तर सगळीच निसटायची. म्हणून त्या दिवशी ज्याचा त्याचा वेगळा पुठ्ठ्याचा खोका, हवेपुरती भोके पाडलेला.

टोपलीत सगळी अंगाला अंग लावून. खोक्यात एकेकटी. आणि दोन्हीकडच्या बसण्याला नाव एकच, विश्रांती!

संस्थेत परतल्यावर तिने गेल्या वर्षीचे कच्चे आकडे उघडले. वजाबाकी होण्याआधीचे. इतके दिवस त्यांच्याकडे कुणी पाहिले नव्हते, कारण पाहायचा असतो तो निकाल. खोक्यातल्या पक्ष्यांचे ठोके टोपलीतल्यांपेक्षा कितीतरी वरचे होते. बुटका खांब बुटका दिसत होता, कारण त्याच्या पायाखालची जमीनच उचलली गेली होती.

तिने सरांच्या खोलीचे दार वाजवले.

सरांनी ऐकून घेतले. मग चष्मा काढून पुसला. मग परत घातला. "म्हणजे माझी पद्धत चुकली."

"आपली पद्धत, सर. मीच ती वर्षभर वापरली."

"कदाचित चुकली असेल," सर म्हणाले. "खोक्यात अंधार असतो. गाडी हलते. पुठ्ठ्याला वास असतो. ठोके कशानेही वाढू शकतात."

"बरोबर. म्हणून ते आधी बघायचं."

"कधी? पिसं झडायला लागली आहेत. आणखी काही दिवसांनी पक्षी उडवता येणार नाहीत. बैठक तोंडावर आहे." त्यांचा आवाज चढला. "बाई, तुम्हाला ढाबळ वाचवायची आहे की नाही?"

"वाचवायची आहे. म्हणूनच तो आलेख टेकू म्हणून नाही वापरायचा. उद्या दुसऱ्या कुणी हेच शोधलं, तर ढाबळ तर जाईलच, शिवाय आपण इथे इतकी वर्षं जे मोजलं, त्या सगळ्यावर लोक हसतील."

सरांनी टेबलावरचा लेख उचलून कपाटात ठेवला. "लेख थांबवतो," ते शेवटी म्हणाले. "पण बैठक मला थांबवता येत नाही."

"मी बघते," चिमणी म्हणाली. कसे बघणार हे तिलाही ठाऊक नव्हते. पण ती असे म्हणाली की मग ते ती खरोखरच बघायची, हे सरांना ठाऊक होते.

काकांचे मत पक्के होते. "खोक्याचा आणि एकटेपणाचा काही संबंध नाही हो ताई. गाडीचे धक्के! मला स्वतःला त्या गाडीत बसलं की पोटात ढवळतं. पैज लावा. गाडीच्या धक्क्यांनी नसेल, तर ही मिशी उतरवीन."

"बघा हं काका. सगळी संस्था तुम्हाला मिशीवरून ओळखते."

"म्हणून तर तिच्यावरच पैज लावली."

वाद मिटवायचा तर एका वेळी एकच गोष्ट बदलायची. चिमणीने तसेच केले. खोके तेच, गाडी तीच, रस्ता तोच. फक्त काही खोक्यांची एक बाजू कापून तिथे जाळी बसवली आणि असे दोन खोके जाळीला जाळी लावून ठेवले. आतल्या पक्ष्याला शेजारी दिसावा, त्याचा घुमण्याचा आवाज ऐकू यावा, एवढेच. उजेडाचा प्रश्न राहू नये म्हणून काही खोक्यांना तशीच जाळी लावून शेजारी रिकामा खोका ठेवला. आणि काही वेळा गाडी गच्चीखालच्या आवारातच उभी ठेवली, हलवलीच नाही. उडवायचे नसल्यामुळे बॅटरीची चिंता नव्हती. आज जो पक्षी एकटा, तो उद्या जोडीत, परवा टोपलीत, तेरवा स्वतःच्या खणात. सगळ्यांची सगळीकडे पाळी येईपर्यंत.

म्हणायला सोपे, करायला कटकटीचे. रोज पहाटे दप्तरे बांधायची, तारा निघाल्या तर पुन्हा चिकटवायच्या, खोके गाडीत चढवायचे, माळावर जाऊन गाडीत गप्प बसायचे. कारण माणूस बोलला की पक्षी कान देतो. काका आणि चिमणी पुढच्या सीटवर खुणांनी बोलत. एकदा काकांना शिंक आली आणि त्या दिवसाचे सगळे मोजमाप बाद झाले. चिमणीने वहीतले ते पान खोडले. दुसऱ्या दिवशी पहाटे पुन्हा हजर. काका नाकावर रुमाल बांधून आले.

हळूहळू चित्र उमटू लागले. उभ्या गाडीतही एकट्या पक्ष्याचे ठोके चढत. जाळीतून उजेड आला तरी, शेजारचा खोका रिकामा असेल तर ते उतरत नसत. शेजारी दुसरे कबूतर दिसले की मात्र थोड्याच वेळात ते खाली येऊन जवळजवळ खणातल्याइतके होत. राणी नावाची राखाडी मादी तर शेजारी जोडीदार असला की चक्क डोळे मिटून एका पायावर उभी राही. गाडीच्या धक्क्यांनीही ठोके वाढत, पण थोडेसेच.

"थोडेसे का होईना, वाढले ना?" काका म्हणाले. दुसऱ्या दिवशी त्यांनी मिशीची वळवलेली टोके तेवढी कातरली. "धक्क्यांनीही वाढतात, म्हणून फक्त टोकं गेली. हिशेब चोख."

एकच पक्षी उलटा वागला. त्याचे नाव मास्तर, कारण तो येताजाता सगळ्यांना टोचून शिस्त लावायचा. एकटा असला की मास्तरांचे ठोके अगदी शांत. शेजारी कुणी ठेवले की रागाने वर.

"याला वगळा," सर म्हणाले. आताशा तेही रोज येऊन आकडे बघत होते. "एका खडूस पक्ष्यामुळे सगळं गढूळ दिसतंय."

"नाही वगळायचा. तोही कबूतरच आहे. आलेखात त्याचा ठिपका जिथे पडेल तिथे पडू दे."

"तुम्ही फार हट्टी आहात, बाई."

"मास्तरांच्या शेजारी राहून झाले असेन."

सर खळखळून हसले, बऱ्याच दिवसांनी. मग तिच्या टिपणातल्या एका ओळीवर पेन्सिल टेकवून म्हणाले, "पण हे खोडा. 'एकट्या पक्ष्याला भीती वाटते.' भीती आपण मोजली आहे का?"

"ठोके मोजलेत."

"मग ठोके लिहा."

चिमणीने 'भीती' खोडली. सर बरोबर होते.

आता खरे काम उरले होते. पूर्वीच्या उड्डाणांतून आजची विश्रांती वजा करणे बरोबर नव्हते. पक्षी एका वर्षाने मोठे झालेले, ऋतू वेगळा. विश्रांती आणि उड्डाण एकाच मोसमातले हवेत. तिने थव्याची उड्डाणे आधी घेतली. ती पुरी होतात न होतात तोच पंखांतली लांब पिसे भराभर झडू लागली. पिसे झडलेल्या पंखांच्या पक्ष्याला माळावर एकटे सोडणे म्हणजे त्याला ससाण्याच्या तोंडी देणे. एकट्यांची उड्डाणे राहिली ती राहिलीच. आणि बैठकीचा दिवस उजाडला.

बैठकीच्या खोलीत लांब टेबल होते. एका टोकाला व्यवस्थापक बाई, शेजारी यंत्रे बसवणारे इंजिनियर, आणि त्यांच्यापुढे गच्चीचा नकाशा. त्यावर ढाबळीच्या जागी लाल चौकोन.

सर उठू लागले, पण चिमणी आधी उठली. "गेल्या वर्षी आम्ही तुम्हाला एक आलेख दाखवला होता," ती म्हणाली. "तो चुकीचा आहे."

तिने खोका आणि टोपली दोन्ही आणली होती. ती टेबलावर ठेवून तिने, वर्गात सांगावे तसे, सगळे सांगितले. आईच्या खुर्चीचेसुद्धा. एकदोन चेहऱ्यांवर हसू आले. व्यवस्थापक बाईंच्या मात्र आले नाही.

"मी तुम्हाला मुदत दिली ती त्या आलेखावर," त्या म्हणाल्या. "तो तुम्हीच फाडलात. आता कशावर देऊ?"

"नव्या आलेखावर." चिमणीने तो भिंतीवर दाखवला. त्यात एकच खांब होता. शेजारची जागा रिकामी. "हा थव्याचा. एकट्याचा अजून यायचाय. नवी पिसं आली की उडवीन."

"म्हणजे अर्धा आलेख दाखवून तुम्ही माझ्याकडे अख्खी गच्ची मागताय?"

"अर्धी चालेल," चिमणी म्हणाली.

आता मात्र बाई हसल्या. इंजिनियरांनी घसा खाकरला. "ढाबळ आवारात हलवली तर? तिथे जागा आहे. आम्ही हलवून देऊ."

"ढाबळ हलेल. जुने पक्षी नाही हलणार," चिमणी शांतपणे म्हणाली. "ते त्यांच्या जागेवर येतील आणि तिथे तुमची यंत्रं दिसली की त्यांच्यावर बसतील. रोज. बसल्यावर कबुतरं काय करतात, ते तुमच्या पंख्यांच्या पात्यांना लवकरच कळेल."

इंजिनियरांनी नकाशा स्वतःकडे ओढला, पेन्सिलीने एक रेघ मारली, खोडली, पुन्हा मारली. "यंत्रं जरा जवळजवळ लावली, तर पूर्वेकडची बाजू मोकळी राहू शकते," ते कुरकुरत म्हणाले. "मध्ये जाळी मारून घेऊ. पण जागा अपुरी पडेल तुम्हाला."

"पुरवून घेऊ."

"पुढची पिसं गळेपर्यंत," व्यवस्थापक बाई म्हणाल्या. "तोपर्यंत दुसरा खांब मला इथे दिसला पाहिजे. तो उंच असो की बुटका."

ढाबळीचा निम्मा भाग उतरवून, उरलेली पूर्वेच्या कठड्याशी नेली. अंतर म्हणाल तर गच्चीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत. पण पक्ष्यांना मोकळे सोडले तेव्हा ते गिरकी घेऊन नेमके जुन्या जागेवर उतरले आणि फरशीवरच्या खुंटांच्या खुणांत, आपले दार कुठे गेले, म्हणून इकडेतिकडे बघत बसले. चिमणी नव्या दाराशी धान्याचा डबा वाजवत उभी राहिली. कुणी वळून पाहीना. काका म्हणाले, हाकलून आणू का? ती नको म्हणाली. डबा वाजत राहिला. हात भरून आला तसा तिने दुसऱ्या हातात घेतला. अखेर राणी मान पुढेमागे करत चालत निघाली. उडत नव्हे, चालत. तिच्यामागे तिचा जोडीदार, मग सगळे एकदम. सगळ्यांत शेवटी मास्तर, वाटेत दोघांना टोचून.

नवी पिसे पुरी भरल्यावर एकट्यांची उड्डाणे झाली. विश्रांतीचे ठोके आता प्रत्येकाच्या स्वतःच्या खणात, जोडीदाराशेजारी मोजलेले. शेवटचा पक्षी परतला त्या संध्याकाळी चिमणी आणि सर एकाच पडद्यापुढे बसले. दुसरा खांब हळूहळू वर चढत गेला आणि पहिल्याच्या उंचीला येऊन थांबला. दोन्ही जवळजवळ सारखे. थव्यात पंख जास्त काम करत होते, हे खरेच होते. पण एकट्याने पंख कमी मारूनही त्याचे हृदय तेवढेच धावत होते. मास्तरांचा ठिपका दूर कोपऱ्यात एकटाच, ऐटीत.

"दोन सारखे खांब," सर म्हणाले. "पहिल्यासारखी गंमत नाही. हे कुणाला बघायला आवडणार?"

"मला," चिमणी म्हणाली. "पंख कमी मारूनही हृदय का धावतं, हे आता शोधायचं. त्यासाठी खोके नव्याने करावे लागतील."

सरांनी खिशात हात घातला आणि दोन खिळे काढून टेबलावर ठेवले.

निघण्याआधी तिने आईला फोन लावला. बैठकीनंतर तिने ही सवयच करून घेतली होती. "निघाले ग आई. लिफ्ट ऐकत बसू नकोस."

"लिफ्ट नाहीच ऐकत आता मी," आई म्हणाली. "तुझ्या फोनची वाट बघत बसते. आज केवढा उशीर!"

चिमणीने गच्चीचे कुलूप ओढून पाहिले आणि जिन्याच्या दोन-दोन पायऱ्या उतरत घराकडे निघाली.